उंदीर घरात शिरतो कुठून, आणि त्याला बाहेर ठेवायचं कसं

एक उंदीर मारला की एक उंदीर कमी झाला, हा हिशेब बरोबर वाटतो, पण तो फार दिवस टिकत नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी वस्त्यांमधल्या उंदरांचा बारकाईने अभ्यास केला. एखाद्या भागातले उंदीर मोठ्या संख्येने मारले, तरी काही महिन्यांत त्यांची संख्या जवळपास पहिल्यासारखी होत होती. जे वाचले त्यांच्या वाट्याला जास्त अन्न आणि जास्त जागा येत होती, त्यामुळे त्यांची वाढही झपाट्याने होत होती. जिथे मात्र कचरा झाकला गेला, पडझडीची डागडुजी झाली, लपायच्या जागा गेल्या, तिथे संख्या उतरली आणि उतरलेलीच राहिली. डेव्हिड डेव्हिस हे या कामातलं महत्त्वाचं नाव. एखाद्या जागी किती उंदीर राहणार हे तिथलं अन्न आणि तिथला आडोसा ठरवतो, हे या अभ्यासातून पुढे आलं.

घरालाही हेच लागू आहे. घरातल्या छोट्या उंदराची मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं देते आणि व्यायल्यावर एक-दोन दिवसांतच पुन्हा गाभण राहू शकते. तिची पिल्लं सहा-सात आठवड्यांची झाली की तीही विण्याच्या वयाची होतात. आठवड्याला एखादा उंदीर सापळ्यात सापडत असेल आणि भिंतीतली वाट उघडीच असेल, तर हे काम कधीच संपणार नाही. म्हणून क्रम असा असावा: आधी वाटा शोधून बुजवायच्या, त्याच सुमारास अन्न तोडायचं, आत उरलेल्यांसाठी सापळे लावायचे. विषाचा विचार सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत तिथपर्यंत जायची वेळच येऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

कोण आलंय ते आधी ओळखा

जगभर माणसाच्या वस्तीला धरून राहणारे उंदीर मुख्यतः तीन जातींचे. पहिला छोटा घरउंदीर, वजन साधारण १५ ते २० ग्रॅम. दुसरा काळा उंदीर: सडपातळ, शेपटी शरीरापेक्षा लांब, चढण्यात पटाईत, माळा आणि छत ही त्याची आवडती जागा. तिसरा तपकिरी उंदीर: जाडजूड, आखूड शेपटीचा, जमिनीत बिळं करणारा आणि गटारांतून फिरणारा. काही भागांत यांच्या जोडीला घूसही असते. ती अंगणातली, पायाजवळची माती उकरून ढीग घालते.

लेंड्यांवरून बरंच कळतं. छोट्या उंदराच्या लेंड्या ३ ते ६ मिलिमीटरच्या, टोकदार असतात. मोठ्या उंदराच्या त्याहून खूप मोठ्या, एक ते दोन सेंटिमीटरच्या. ताजी लेंडी मऊ आणि चकचकीत असते, जुनी कोरडी होऊन चुरते. फक्त चुरणाऱ्याच लेंड्या सापडत असतील तर उंदीर कदाचित कधीच निघून गेलेला असेल. लांब निमुळतं नाक, चिक-चिक आवाज आणि उग्र वास असेल तर ती चिचुंद्री. ती उंदीर नव्हे. ती किडे-झुरळं खाते आणि धान्याच्या मागे लागत नाही. तिला मारायची गरज नाही, वाट बंद केली की पुरे.

ही ओळख महत्त्वाची आहे, कारण छोटा उंदीर आणि मोठे (काळा, तपकिरी) उंदीर यांचे स्वभाव वेगळे. छोटा उंदीर चौकस असतो. नवी वस्तू दिसली की जाऊन हुंगतो, आणि आपल्या घरट्यापासून बहुधा काही मीटरच्या आतच फिरतो. त्यामुळे लेंड्या जिथे दिसल्या, घरटंही तिथेच जवळपास असतं: फ्रीजच्या मोटारीमागे, ओव्हनच्या खालच्या पोकळीत, कपड्यांच्या गाठोड्यात. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. कालपर्यंत नसलेला पिंजरा आज दिसला तर तो दिवसेंदिवस त्याच्याकडे फिरकत नाही. पण अन्नासाठी तो तीस-पन्नास मीटरही जातो, म्हणजे त्याचं बीळ तुमच्या घराबाहेर असण्याची शक्यता मोठी. त्याला रोज पाणीही लागतं. छोटा उंदीर अन्नातल्या ओलाव्यावर भागवू शकतो.

वाट शोधणं

या कामाला मी सगळ्यात जास्त वेळ देईन. उंदराची कवटी ज्या भोकातून गेली, त्यातून बाकीचं अंग मागोमाग येतं. छोट्या उंदराला साधारण ६ मिलिमीटरची फट पुरते, मोठ्याला १२ ते १५ मिलिमीटरची. मोजपट्टी लावत बसायची गरज नाही. फटीत पेन्सिल शिरली तर छोटा उंदीर शिरू शकतो. करंगळी सहज शिरली तर मोठ्या जातीचाही.

दिवसा बाहेरून आणि रात्री आतून, असं दोनदा घर बघा. बाहेरून बघताना भिंतीतून आत जाणारी प्रत्येक गोष्ट तपासा: पाण्याचे पाईप, एसीची नळी, गॅसची नळी, इंटरनेटची केबल, वॉशिंग मशिनचं पाणी जाणारा पाईप, एक्झॉस्ट फॅनची चौकट. नळी जेवढी जाड, त्यापेक्षा भोक नेहमी मोठं पाडलेलं असतं, आणि वरून बसवलेली प्लॅस्टिकची चकती ते फक्त झाकते. स्वयंपाकघरात सिंकखालचं कपाट रिकामं करून टॉर्च मारून बघा. ट्रॉल्या पूर्ण बाहेर काढा. बऱ्याचदा मुख्य वाट त्यांच्या मागेच निघते, कारण तिथली भिंत दिसत नाही म्हणून तिला गिलावाही धड केलेला नसतो. दारांसाठी खोलीत अंधार करा आणि बाहेरून कुणाला तरी दाराच्या तळाशी टॉर्च मारायला सांगा. उजेड कुठून आणि किती आत येतो ते लगेच दिसतं. दाराच्या कोपऱ्यात, चौकट जमिनीला टेकते तिथे, फट हमखास सापडते.

उंदीर खोलीच्या मधून सहसा जात नाही. तो मिशा आणि अंग भिंतीला लावून चालतो, रोज त्याच वाटेने. त्यामुळे त्या वाटेवर अंगाच्या तेलाचे आणि मळाचे काळपट पट्टे उमटतात. पट्टा जिथे संपतो तिथे भोक असतं. पट्टे दिसत नसतील तर संशयाच्या जागी रात्री टाल्कम पावडरचा पातळ थर पसरा. सकाळी पावलं आणि शेपटीची रेघ दिसेल. भोक सापडलं पण ते वापरात आहे का याची खात्री नसेल, तर त्यात कागदाचा बोळा सैलसर कोंबून ठेवा. दुसऱ्या दिवशी बोळा बाहेर पडलेला असेल तर शंकाच नको.

बुजवायचं कशाने

इथे उंदराच्या दातांविषयी थोडं सांगायला हवं, कारण चुकीचं सामान वापरलं की सगळी मेहनत वाया जाते. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, मोठ्या उंदराचे वर्षाला दहा सेंटिमीटरहून जास्त. दाताच्या पुढच्या बाजूला लोहयुक्त, पिवळसर-नारिंगी रंगाचं कठीण आवरण असतं आणि मागची बाजू मऊ असते. मऊ बाजू आधी झिजते, त्यामुळे धार आपोआप निघत राहते. लाकूड, रबर, प्लॅस्टिक, शिसं, पातळ अॅल्युमिनियम हे सगळं या दातांपुढे टिकत नाही. आणखी एक सोय त्याला आहे: कुरतडताना तो ओठ दातांच्या मागे मिटून घेऊ शकतो, त्यामुळे भुसा तोंडात जात नाही. म्हणून भोक बुजवण्याच्या सामानात तिखट किंवा कडू काही मिसळून फारसा उपयोग होत नाही. कुरतडलेलं तो गिळतच नाही.

फवारून फुगणारा फोम लोक फार वापरतात. तो हवा आणि वास अडवतो, पण उंदीर त्यातून एका रात्रीत आरपार जाऊ शकतो. फोम वापरायचाच असेल तर आधी भोकात स्टीलची जाळी दाबून बसवा आणि मग फोम भरा. त्याहून चांगलं म्हणजे जाळी आणि वर सिमेंटचा कोबा. भांडी घासायच्या तारेचा चोथाही चालतो, पण साधी तार ओलाव्याने गंजते आणि वर्षभरात भुगा होऊन पडते. स्टेनलेस स्टीलची घ्या. सिमेंट ओलं असताना उंदीर ते उकरून काढतो, म्हणून सुकेपर्यंत वर पत्र्याचा तुकडा किंवा जड फरशी टेकवून ठेवा. आणि लिंपण भिंतीच्या पातळीत सपाट करा. उंदराला कुरतडायला सुरुवात करायची तर कड लागते, गुळगुळीत सपाट पृष्ठभागावर दात धरत नाहीत.

हवा खेळण्यासाठी ठेवलेली भोकं मात्र सिमेंटने कधीच बुजवू नका, विशेषतः गीझरचा किंवा गॅसवर चालणाऱ्या कुठल्याही उपकरणाचा धूर जिथून बाहेर जातो ती. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठून जीव जाऊ शकतो. धुराच्या नळीला हात न लावता ते काम उपकरण बसवणाऱ्याकडूनच करून घ्या. साध्या झरोक्यांना ६ मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची गॅल्व्हनाइज्ड तारेची जाळी स्क्रूने बसवावी. डासांची नायलॉन जाळी उंदराला अडवत नाही.

दाराच्या तळाला रबरी पट्टी एकटी पुरत नाही. पत्र्याची पट्टी लावा आणि फट ६ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवा. लाकडी दाराचे खालचे कोपरे कुरतडलेले असतील तर तिथे दोन्ही बाजूंनी पत्रा ठोका. छताला टेकणाऱ्या झाडाच्या फांद्या छाटा. उभ्या पाईपवरून उंदीर चढत असतील तर पाईपभोवती पत्र्याचा पसरट शंकू बसवता येतो.

गटाराची वाट

सगळी भोकं बुजवूनही मोठा उंदीर येत राहिला, तर संशय ड्रेनेजवर घ्या. तपकिरी उंदीर उत्तम पोहतो आणि काही मिनिटं श्वास रोखून धरू शकतो. मोरीच्या किंवा संडासाच्या पाईपातलं वळणातलं पाणी वास अडवतं, उंदराला नाही. वापरात नसलेल्या बाथरूममध्ये तर ते पाणी सुकून जातं आणि वाट आणखी मोकळी होते. अशा मोरीत अधूनमधून बादलीभर पाणी ओतत राहा आणि वरची जाळी नुसती ठेवू नका, स्क्रूने घट्ट बसवा. बाहेरच्या पाईपात एकाच दिशेने उघडणारी धातूची झडप बसवता येते. पाणी बाहेर जातं, उंदीर आत येऊ शकत नाही. ती प्लंबरकडूनच बसवून घ्यावी आणि अधूनमधून साफ करावी, नाहीतर तुंबते.

चेंबरजवळ किंवा पायाला लागून अचानक नवं बीळ पडलं, माती खचली, तर जमिनीखालचा पाईप फुटलेला असण्याची शक्यता मोठी असते. बिळात दगड कोंबून ते मिटत नाही. उंदीर शेजारून दुसरं काढतो. पाईप दुरुस्त करणं हाच इलाज. इमारतीत राहत असाल तर पाईपांच्या उभ्या डक्टमधून उंदीर सगळ्या मजल्यांवर फिरतात. तुमच्या बाजूची भोकं तुम्ही बुजवालच, पण डक्टचं काम सगळ्यांनी मिळून करायला हवं, आणि त्यासाठी शेजाऱ्यांशी बोलण्याचा त्रास घेण्यासारखा आहे.

अन्न, पाणी, अडगळ

छोट्या उंदराला दिवसाला साधारण तीन ग्रॅम अन्न पुरतं, आणि तेही तो एका रात्रीत वीस-तीस ठिकाणी थोडं थोडं खातो. म्हणजे गॅसच्या शेगडीखाली सांडलेलं, मिक्सरच्या मागे उडालेलं, टोस्टरच्या तळाशी साठलेलं एवढ्यावरही त्याचं भागतं. ओटा रोज पुसला जातो, पण या जागा राहून जातात. कोरडं सामान धातूच्या किंवा काचेच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पातळ प्लॅस्टिकचा डबा तो कोपऱ्यातून फोडतो. कुत्र्या-मांजराचं खाणं रात्रभर भांड्यात राहू देऊ नका. अनेक घरांत उंदरांचं मुख्य जेवण तेच असतं. कचऱ्याला झाकण हवंच. मोठ्या उंदरासाठी गळणारे नळ आणि फ्रीजखालचा पाण्याचा ट्रेही बघा.

पुठ्ठ्याची खोकी उंदराला निवारा देतात आणि घरट्याचं सामानही. शक्य तिथे ती काढून टाका. जे ठेवायचं ते जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, म्हणजे मागे झाडू आणि टॉर्च दोन्ही पोचतील.

आत उरलेल्यांसाठी सापळे

भोकं बुजली की आत काही उंदीर अडकलेले असतात. त्यांच्यासाठी स्प्रिंगचा चाप हा माझ्या मते सगळ्यात बरा उपाय. चांगला चाप क्षणात मारतो, विष लागत नाही, आणि उंदीर मेला की नाही हे डोळ्यांनी दिसतं. मारणं नको असेल तर पिंजरा आहे, पण तो रोज सकाळी बघायलाच हवा. पकडलेला उंदीर जवळपास सोडला तर परत येतो. लांब अनोळखी जागी सोडला तर बहुधा जगत नाही, आणि तिथल्या लोकांच्या गळ्यात त्रास बांधला जातो.

सापळा खोलीच्या मध्यभागी ठेवला तर वाया जातो. भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे करून ठेवा. एक-दोन ठेवून भागत नाही. छोट्या उंदरांसाठी दर दोन-तीन मीटरवर एक, असे पहिल्याच रात्री भरपूर लावा. मोठा उंदीर बिचकत असेल तर काही दिवस चाप न ओढता नुसतं आमिष ठेवा. तो निर्धास्तपणे खाऊ लागला की मग चाप लावा. आमिष वाटाण्याएवढंच, पण चिकट हवं, उचलून पळता येऊ नये असं. शेंगदाण्याचं लोणी चांगलं चालतं.

चिकट पॅड वापरू नयेत, असं मला मनापासून वाटतं. त्यावर अडकलेला प्राणी तासन् तास, कधी दिवसभर तडफडतो, भीतीने मुततो, आणि त्याच मुतातून रोग पसरतात. पाली, चिमण्या, साप असे दुसरेच जीवही अडकतात. न्यूझीलंडने २०१५ पासून या पॅडच्या वापरावर बंधनं आणली, आणि इंग्लंडमध्ये २०२२ साली कायदा होऊन सामान्य लोकांनी ते वापरणं गुन्हा ठरलं.

विषाविषयी, सविस्तर

घरगुती उंदीरनाशकांपैकी बरीचशी रक्त गोठू न देणारी असतात. हा शोध मुळात आजारी गुरांपासून लागला. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत कुजलेला क्लोव्हर चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातलं रसायन वेगळं काढलं, आणि त्याच कुळातलं वॉरफरिन १९४८ पासून उंदीर मारायला वापरलं जाऊ लागलं. यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं बनवताना के जीवनसत्त्व पुन्हा पुन्हा वापरतं. हे विष तो पुनर्वापर थांबवतं. रक्तात आधी तयार असलेली प्रथिनं काही दिवस पुरतात, म्हणून उंदीर लगेच मरत नाही. अन्नाचा आणि मरणाचा संबंध त्यामुळे त्याला लागत नाही. दहा वर्षांतच, १९५८ साली, स्कॉटलंडमध्ये वॉरफरिनला न जुमानणारे उंदीर सापडले. मग ब्रोमाडिओलोन, ब्रोडिफॅकोम अशी अधिक तीव्र रसायनं आली. ती यकृतात महिनोन् महिने राहू शकतात, आणि असा उंदीर खाणाऱ्या घुबडाच्या, मांजराच्या अंगात उतरतात.

याचा अर्थ असा की मुलाने अशी वडी तोंडात घातली तर पहिल्या दिवशी ते ठणठणीत दिसू शकतं. लक्षणांची वाट पाहू नका. पुडा बरोबर घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. या प्रकारावर के-१ जीवनसत्त्वाचा उतारा आहे. झिंक फॉस्फाइड या दुसऱ्या उंदीरविषाला मात्र उतारा नाही, आणि पिवळ्या फॉस्फरसच्या मलमालाही नाही. फॉस्फरसचं मलम तर फसवं असतं: सुरुवातीच्या उलट्या थांबून एक-दोन दिवस बरं वाटतं आणि आत यकृत निकामी होत जातं. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कोणत्याही कारणाने आणू नका. हवेतल्या दमटपणाने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, तो भिंतींच्या फटींतून शेजारच्या खोलीत जातो, आणि झोपेत माणसं दगावलेली आहेत.

शिवाय विष खाल्लेला उंदीर भिंतीत किंवा माळ्यावर मरतो आणि पुढे बरेच दिवस घर वास मारतं. विष वापरायचीच वेळ आली तर कुलूपबंद आमिषपेटीत, आणि प्रशिक्षित माणसाकडून.

उंदीर पळवणारी म्हणून मिळणारी ध्वनिलहरींची यंत्रं घेऊ नका. उंदीर थोड्याच दिवसांत सरावतात, आणि तो आवाज भिंती-फर्निचरच्या पलीकडे जातही नाही. मांजराकडूनही फार अपेक्षा नको. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात उंदरांच्या वस्तीवर ७९ दिवस कॅमेरे लावले होते. मांजरांनी तेवढ्या काळात दोनच उंदीर मारलेले दिसले. मोठ्या उंदराच्या वाटेला मांजर सहसा जात नाही.

साफसफाई

लेंड्या आणि घरटी कधीही कोरडी झाडू नका, व्हॅक्यूमही नको. काही विषाणू, विशेषतः हंटाव्हायरस, सुकलेल्या मुता-लेंड्यांच्या धुळीतून श्वासात जातात. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस ओल्या जागी जखमेतून शिरतो. अर्धा तास खिडक्या उघड्या ठेवा, रबरी मोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ-दहा भाग पाणी असं मिश्रण फवारून पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदाने उचलून दुहेरी पिशवीत बांधा. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका. गरोदर बाईने हे काम करू नये. छोट्या उंदरांकडून येणारा एक विषाणू गर्भाला गंभीर इजा करू शकतो.

दोन-तीन आठवडे पावडरवर पाऊल उमटलं नाही आणि नवी लेंडी दिसली नाही, तर घर मोकळं झालं असं धरायला हरकत नाही. त्यानंतर ऋतू बदलताना एकदा टॉर्च घेऊन फेरी मारली तरी पुरतं. आणि पुढच्या वेळी एसी, केबल किंवा नवी नळजोडणी करायला माणूस येईल, तेव्हा त्याने पाडलेलं भोक जाळी आणि सिमेंटने त्याच्याकडूनच, तो घरातून निघण्याआधी बुजवून घ्या.